जुन्या गाडीत दुसरं इंजिन: रीलमध्ये अर्ध्या मिनिटात होतं, गॅरेजमध्ये नेमकं काय काय करावं लागतं?

मंडळी, हा व्हिडिओ तुमच्या फीडमध्ये एकदा तरी येऊन गेला असेल. एका जुन्या, छोट्या गाडीचं बॉनेट उघडलेलं असतं. साखळीला लटकलेलं भलंमोठं इंजिन हळूहळू खाली उतरतं. मग एक कट, आणि पुढच्या सेकंदाला तीच गाडी धूर काढत रेसट्रॅकवर पळत असते. खाली एक कमेंट ठरलेली: "भावा, माझ्या ८०० मध्ये बसेल का?"

त्या एका कटमध्ये कित्येक महिन्यांचं काम आणि बराच पैसा लपलेला असतो. इंजिन जागेवर बसवणं हा या सगळ्यातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. जास्त ताकद आली की गाडीतला सगळ्यात कच्चा भाग आधी तुटतो. तो पक्का केला की त्याच्या पुढचा तुटतो. ही साखळी कुठून सुरू होते, कुठे संपते, आणि आपल्याकडे हा उद्योग करायचा म्हटलं तर कायदा काय सांगतो, ते आज सविस्तर बघूया.

आधी हे समजून घ्या: इंजिन स्वॅप म्हणजे काय?

गाडीचं मूळ इंजिन काढून त्या जागी दुसऱ्या मॉडेलचं किंवा दुसऱ्याच कंपनीचं इंजिन बसवणं म्हणजे इंजिन स्वॅप. इंजिन खराब झालं म्हणून तसंच दुसरं आणून टाकलं तर त्याला कुणी स्वॅप म्हणत नाही, ती दुरुस्ती झाली.

हा प्रकार आपल्याला अजिबात नवा नाही. जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन टाकलेलं गावाकडे अनेकांनी पाहिलं असेल. इतकंच काय, आपल्याकडच्या कार कंपन्यांनीही हेच केलंय. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स ज्या गाड्या बनवायची, त्यात पद्मिनीसोबत १९८५ पासून '११८ एनई' नावाची गाडी होती. तिची बॉडी इटलीच्या फियाट १२४ ची आणि इंजिन जपानच्या निसानचं, १.२ लिटरचं. हिंदुस्तान मोटर्सच्या काँटेसाचंही तसंच. सुरुवातीला तिच्यात ॲम्बेसेडरचं जुनं १.५ लिटरचं इंजिन होतं आणि एवढी मोठी गाडी ओढताना ते दमायचं. पुढे कंपनीने जपानच्या इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन बसवलं आणि काँटेसा खऱ्या अर्थाने पळायला लागली.

फरक एवढाच, की कंपनी इंजिन बदलते तेव्हा त्यासोबत गिअरबॉक्स, ब्रेक, रेडिएटर, सस्पेन्शन असं सगळं तपासून बघायला तिच्याकडे इंजिनिअर असतात. घरच्या गॅरेजमध्ये हे सगळं स्वतःलाच करावं लागतं.

ट्रॅकसाठी जुनीच गाडी का?

सोपं कारण आहे, वजन. जुन्या गाड्या हलक्या असतात. एअरबॅग, जाड दरवाजे, आवाज रोखणारं अस्तर, मोठमोठे स्क्रीन या गोष्टी त्यांच्यात फारशा नसतात. हलकी गाडी लवकर वेग घेते, लवकर थांबते, वळणावर कमी धडपडते आणि टायरही कमी खाते. शिवाय ती स्वस्त मिळते, त्यामुळे ठोकली गेली तरी जीव तेवढा तुटत नाही.

या खेळातलं जगभर गाजलेलं उदाहरण म्हणजे माझदा एमएक्स-५, अमेरिकेत जिला सगळे 'मिआटा' म्हणतात. १९८९ मध्ये आलेली ही दोन सीटची, उघड्या टपाची जपानी गाडी. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, वजन साधारण ९६० किलो. इंजिन मात्र १.६ लिटरचं, ११६ हॉर्सपॉवरचं. वळणावर ती अफलातून चालते, पण सरळ रस्त्यावर मागून कुणीही येऊन पुढे निघून जातं. त्यामुळे अमेरिकेत अनेकांच्या डोक्यात एकच विचार आला: गाडी हीच ठेवू, फक्त इंजिन मोठं टाकू.

दोन रस्ते: मोठं व्ही८ की होंडाचं चार सिलिंडर?

पहिला रस्ता अमेरिकन. जनरल मोटर्सने १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये 'एलएस१' नावाचं ५.७ लिटरचं व्ही८ इंजिन आणलं, ताकद ३४५ हॉर्सपॉवर. आठ सिलिंडर म्हटलं की अवाढव्य धूड डोळ्यासमोर येतं, पण हे इंजिन तुलनेने आटोपशीर आहे. त्याची कॅमशाफ्ट वर हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्ये असते, त्यामुळे वरचा भाग लहान राहतो आणि इंजिनाची रुंदी व उंची कमी होते. एलएस१ चा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असल्याने वजनही आवाक्यात राहतं. त्यात याच घराण्याची इंजिनं कंपनीने पिकअप आणि मोठ्या गाड्यांमध्येही भरभरून बसवली. म्हणजे अमेरिकेतल्या भंगारात ती सहज सापडतात, आणि तिथल्या मेकॅनिकना ती तोंडपाठ असतात.

दुसरा रस्ता जपानी. होंडाचं 'के२४' म्हणजे २.४ लिटरचं चार सिलिंडर इंजिन. २००४ च्या ॲक्युरा टीएसएक्स गाडीत ते २०० हॉर्सपॉवर द्यायचं. पूर्ण ॲल्युमिनियमचा ब्लॉक असल्यामुळे मिआटाच्या लोखंडी ब्लॉकच्या मूळ इंजिनापेक्षा ते फारसं जड पडत नाही.

इथे एक भारी गोष्ट आहे. होंडाची जुनी बी, डी, एच मालिकेतली प्रसिद्ध इंजिनं बाकी बहुतेक कंपन्यांच्या इंजिनांच्या उलट दिशेने फिरायची. असं इंजिन मिआटाच्या पाच गिअरच्या बॉक्सला जोडलं, तर पाच गिअर मागे जायचे आणि पुढे जायला एकच, तोही रिव्हर्समध्ये टाकून! के मालिकेपासून होंडाची इंजिनं इतरांसारखी फिरायला लागली, म्हणून ती या कामात चालतात. कुठलंही इंजिन कुठेही चालेल असं वाटतं, पण फिरायची दिशा हा पहिलाच प्रश्न असतो.

आता कागदावरचा हिशोब बघा. मूळ मिआटाची ताकद एका टनामागे साधारण १२० हॉर्सपॉवर पडते. के२४ घातल्यावर ती २०० च्या आसपास जाते. एलएस१ घातलं, सोबत मजबूत गिअरबॉक्स वगैरे आले, की गाडीचं वजन साधारण शंभर किलोने वाढतं, तरीही आकडा ३२० च्या पुढे जातो. ज्या कॉर्व्हेटमधून हे इंजिन आलं ती दीड टनाच्या आसपासची. तिचा आकडा २३० च्या जवळपास. म्हणजे ही चिमुकली गाडी कागदावर कॉर्व्हेटलाही भारी पडते. कमेंटमध्ये आगीच्या इमोजी पडतात त्या याच आकड्यावर.

कंपनीने फक्त १२ हॉर्सपॉवर वाढवले तेव्हा काय केलं?

पुढे जायच्या आधी ही एक गोष्ट लक्षात ठेवा. १९९४ साली माझदाने मिआटात १.८ लिटरचं इंजिन दिलं. ताकद ११६ वरून १२८ झाली, म्हणजे फक्त १२ हॉर्सपॉवरची वाढ. त्यासोबत कंपनीने ब्रेकच्या डिस्क मोठ्या केल्या, मागचं डिफरन्शियल मोठं आणि मजबूत दिलं आणि बॉडीला जास्तीचे आधार जोडले.

बारा घोडे वाढले तर एवढं. आता २२९ वाढवणाऱ्याने काय काय करायला हवं, याचा अंदाज घ्या. चला, क्रमाने बघूया.

१. इंजिन बसणार कुठे आणि कशावर?

इंजिन बॉनेटखाली मावलं म्हणजे बसलं असं नसतं. त्याला टेकायला फाउंडेशन लागतं. मूळ फाउंडेशनची जागा आणि नव्या इंजिनाची जागा जुळत नाही, म्हणून नवे ब्रॅकेट बनवावे लागतात किंवा पुढचा सबफ्रेमच बदलावा लागतो. इंजिनाखालचं ऑइल चेंबर आडव्या क्रॉसमेंबरला अडतं, मग चेंबर कापून वेगळ्या आकाराचं बनवायचं. सायलेन्सरचे पाइप उतरतात तिथेच स्टिअरिंगचा दांडा येतो, मग ते पाइप नव्याने वाकवायचे.

इंजिन एक-दोन सेंटीमीटर इकडेतिकडे झालं तरी पुढचं सगळं गणित बिघडतं. म्हणून मिआटासाठी तयार किट मिळतात. त्यात मोजून केलेले ब्रॅकेट, चेंबर, पाइप असं सगळं येतं. किट महाग वाटतं, पण ते घेणारा दुसऱ्या कुणीतरी आधीच केलेल्या चुकांचे पैसे वाचवत असतो.

२. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची सोयरीक

प्रत्येक कंपनीच्या इंजिनामागच्या बोल्टची मांडणी वेगळी. वेगळ्या कंपनीचा गिअरबॉक्स ठेवायचा तर मध्ये ॲडॉप्टर प्लेट लागते. के२४ सोबत मिआटाचा मूळ गिअरबॉक्स असाच ठेवता येतो. या प्लेटचं काम अतिशय बारीक असतं. क्रँकशाफ्टचं केंद्र आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं केंद्र एका रेषेत यायला हवं. केसभर फरक राहिला तरी बेअरिंग खातं, क्लच थरथरतो आणि काही महिन्यांत गिअरबॉक्स आवाज करायला लागतो.

व्ही८ च्या बाबतीत प्रश्न वेगळाच. मूळ मिआटाच्या इंजिनाचा टॉर्क साधारण १३५ न्यूटन मीटर, एलएस१ चा ४७५ च्या आसपास. साडेतीन पट! मिआटाचा गिअरबॉक्स यासाठी बनलेलाच नाही. म्हणून जनरल मोटर्सच्याच गाड्यांमधला टी५६ हा सहा गिअरचा दणकट बॉक्स त्यासोबत घेतात. तो मोठा असल्याने मधला बोगदा ठोकून किंवा कापून वाढवावा लागतो.

३. मागच्या चाकांपर्यंतचा प्रवास

गिअरबॉक्स बदलला की प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते, नवा शाफ्ट बनवून बॅलन्स करून घ्यावा लागतो. त्याच्या दोन टोकांच्या क्रॉसचे कोन एकमेकांशी जुळले नाहीत, तर ठरावीक वेगाला सगळी गाडी हादरते.

मिआटात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी एक लांब ॲल्युमिनियमची चौकट असते. व्ही८ बसवताना ती काढावी लागते, मग डिफरन्शियलला धरायला वेगळी सोय करायची. आणि ते डिफरन्शियलही मूळचं टिकत नाही. फोर्ड किंवा कॅडिलॅकच्या मोठ्या गाड्यांमधलं आणून बसवतात. त्यासोबत ॲक्सलही वेगळे.

बघा, आपण सुरुवात इंजिनापासून केली होती आणि आता मागच्या चाकापर्यंत येऊन पोचलो. मूळ गाडीतलं जवळपास काही शिल्लक राहिलं नाही.

४. उष्णता: ट्रॅकवरचा खरा शत्रू

ड्रॅग रेस आणि सर्किट यातला फरक इथे कळतो. ड्रॅग रेसमध्ये गाडी साधारण ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल, सरळ पळते आणि थांबते. दहा-पंधरा सेकंदांचा खेळ. सर्किटवर एकेक सत्र वीस मिनिटांचं, आणि त्यातला बराच वेळ पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला. रस्त्यावर असं आपण कधीच चालवत नाही.

ढोबळ हिशोब असा, की पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग गाडी पळवायला उपयोगी पडतो, साधारण तेवढाच सायलेन्सरमधून उष्णता होऊन जातो आणि उरलेला बराचसा भाग रेडिएटरला बाहेर टाकावा लागतो. पूर्ण ताकदीवर चालणाऱ्या ३४५ हॉर्सपॉवरच्या इंजिनासाठी ही उष्णता घरातल्या शंभरेक गीझरएवढी होते. मूळ मिआटाचा रेडिएटर तीस-पस्तीस गीझरच्या हिशोबाने बनवलेला.

म्हणून मोठा ॲल्युमिनियमचा रेडिएटर, तगडे पंखे आणि वेगळा ऑइल कूलर लागतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हवा रेडिएटरमधूनच जावी यासाठी आजूबाजूच्या फटी पत्र्याने बंद करायच्या. हवा कायम सोपा रस्ता धरते. फट दिसली की ती रेडिएटरला वळसा घालून निघून जाते, मग कितीही मोठा रेडिएटर घाला, काटा लालवरच.

५. वळणावर तेल कुठे जातं?

हा मुद्दा रीलमध्ये कधीच दिसत नाही, आणि ट्रॅकवर इंजिनं मरतात ती बऱ्याचदा यामुळेच.

बादलीत पाणी घेऊन गोल फिरलात तर पाणी एका बाजूला चढतं ना? चांगल्या टायरवर गाडी जोरात वळते तेव्हा बाजूला ओढणारा जोर गुरुत्वाकर्षणाइतका होऊ शकतो. तेव्हा चेंबरमधलं तेल ४५ अंशात तिरकं उभं राहतं. तेल ओढणारी नळी असते चेंबरच्या तळाशी. तेल बाजूला चढलं की नळी हवा ओढते, प्रेशर पडतं आणि क्रँकच्या बेअरिंगला एक-दोन सेकंद तेल मिळत नाही. सहा-सात हजार आरपीएमला एवढा वेळ पुरेसा असतो. मग इंजिनातून ठकठक आवाज येतो आणि खिसा रिकामा होतो.

उपाय तीन. चेंबरमध्ये आडवे पत्रे लावून तेल अडवायचं, प्रेशर पडताच तेल सोडणारी राखीव टाकी बसवायची, किंवा ड्राय संप, म्हणजे तेलाची टाकीच इंजिनाबाहेर नेऊन वेगळ्या पंपाने तेल फिरवायचं. शेवटचा उपाय सगळ्यात खात्रीचा आणि सगळ्यात महाग.

६. वायरिंग, म्हणजे धीराची परीक्षा

नवीन इंजिन म्हणजे नवा ईसीयू. त्याला सेन्सर हवेत, ठरावीक प्रेशरने पेट्रोल हवं, इमोबिलायझरची परवानगी हवी. मूळ गाडीतून फक्त इंजिन काढून आणलं तर तो ईसीयू चावी, मीटर, एबीएस शोधत बसतो आणि काही सापडलं नाही की गप्प राहतो. म्हणून अनेक जण स्वतंत्र ईसीयू बसवतात. त्यात इग्निशन आणि पेट्रोलचं गणित स्वतः भरायचं असतं. हे 'ट्यूनिंग' चुकलं आणि पेट्रोल कमी पडलं, तर पिस्टन वितळतो.

अर्धवट राहिलेल्या प्रोजेक्ट गाड्या विकायला निघतात तेव्हा जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं: "फक्त वायरिंग बाकी आहे." त्या 'फक्त'ला कधी भुलू नका.

७. पळाली, पण थांबणार का?

समजा, सरळ पट्ट्याच्या शेवटी मूळ गाडी ताशी १६० किमीने पोचायची आणि आता २०० ने पोचते. वेग पंचवीस टक्के वाढला, पण गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. त्यात वजन दहा टक्के वाढलेलं. दोन्ही मिळून ब्रेकला जिरवायची ऊर्जा सुमारे ७० टक्के जास्त. तीसुद्धा प्रत्येक वळणाआधी, वीस मिनिटं.

ब्रेकचं ऑइल हळूहळू हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शोषलेल्याचा किमान १५५. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात, ब्रेक दाबला जात नाही. पेडल थेट खाली जातं आणि समोर वळण असतं.

म्हणून ट्रॅकवर मुरलेले लोक एक क्रम सांगतात: आधी ड्रायव्हिंग शिका, मग टायर आणि ब्रेक, मग सस्पेन्शन, मग कूलिंग, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. रील नेमकी उलट्या बाजूने सुरू होते.

मग कोणता रस्ता बरा?

सातही मुद्दे एकत्र ठेवून बघितलं तर कळतं, की के२४ वाला मिआटा बराचसा मिआटाच राहतो. मूळ गिअरबॉक्स चालतो, वजनाचा तोल फारसा बिघडत नाही, उष्णता आवरता येते. व्ही८ वाल्या गाडीची मजा वेगळी आहे, पण तिथे नवी गाडी बांधावी लागते. अशा कामात इंजिनाची किंमत हा एकूण खर्चातला लहानसा वाटा ठरतो. मोठा खर्च त्याच्यामागून येणाऱ्या यादीचा असतो.

आणि तिसराही रस्ता आहे, काहीच न बदलण्याचा. अमेरिकेत 'स्पेक मिआटा' नावाचा रेसिंगचा अतिशय लोकप्रिय वर्ग आहे. तिथे सगळ्यांच्या गाड्या जवळपास सारख्या, इंजिनं मूळ मिआटाचीच. ताकद कुणाकडेच जास्त नसते, त्यामुळे कोण जास्त चांगलं चालवतो हाच प्रश्न उरतो. वळणातून वेग न गमावता बाहेर पडायची सवय तिथे लागते, आणि ती सवय कुठल्याही किटमध्ये मिळत नाही.

सुरक्षेची चेष्टा नाही

अमेरिकेत '२४ अवर्स ऑफ लेमन्स' नावाची भन्नाट रेस होते. नियम असा, की गाडी ५०० डॉलरच्या आतली हवी. लोक गाडीवर वाट्टेल ते सोंग चढवतात, वाट्टेल ती इंजिनं बसवतात. सगळाच थट्टेचा मामला. पण त्या ५०० डॉलरमध्ये रोल केज, सीटबेल्ट, ब्रेक, टायर यांचा खर्च धरत नाहीत. त्यावर हवा तेवढा खर्च करा, कारण तिथे चेष्टा चालत नाही.

मिआटासारख्या उघड्या टपाच्या गाडीत हे आणखी महत्त्वाचं. गाडी उलटली तर डोक्यावर काहीच नसतं. ताकद तिप्पट झालेल्या गाडीत रोल केज, चांगलं हेल्मेट, आग विझवायचं साधन आणि बाहेरून बंद करता येणारा बॅटरीचा स्विच या गोष्टी इंजिनाच्या आधी यायला हव्यात.

आणि आपल्याकडे? कायदा काय म्हणतो?

आता मूळ कमेंटकडे वळू: "माझ्या ८०० मध्ये बसेल का?"

मेकॅनिकल उत्तर काहीही असो, कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसी बुकातला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका पक्की केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवायला कायद्यात जागा आहे. इंजिन निकामी झालं तर त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओची प्रक्रिया पूर्ण करून बसवता येतं. दुसऱ्या गाडीचं मोठं इंजिन घालून पुणे-मुंबई रस्त्यावर हिंडायला मात्र जागा नाही.

विम्याचंही बघा. खासगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत रेसिंग आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. बदललेल्या गाडीने रस्त्यावर कुणाला धडक दिली, तर दंडापेक्षा हे प्रकरण कितीतरी महाग पडेल.

मग उरतो ट्रॅक. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ३.७ किमीचा ट्रॅक आहे, कोइम्बतूरला २.१ किमीचा कारी मोटर स्पीडवे आहे आणि ग्रेटर नोएडाला ५.१२५ किमीचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. आपल्या लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस झाल्या आहेत. फक्त ट्रॅकसाठी बांधलेली गाडी तिथवर चालवत न नेता ट्रेलरवर किंवा फ्लॅटबेडवर न्यायची असते. आणि अधिकृत स्पर्धेत उतरायचं तर इंजिनावर हात घालण्याआधी एफएमएससीआयची नियमावली वाचायची. प्रत्येक वर्गात काय बदललेलं चालतं ते ठरलेलं असतं. चुकीचं इंजिन बसवलं तर गाडी तयार, पण उतरायला वर्गच नाही, अशी पंचाईत होते.

पुढच्या वेळी रील दिसली की हे पाच प्रश्न विचारा

१. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल कुठलं बसवलंय?
२. गाडी सलग वीस मिनिटं पळाली का, की फक्त एकदा धूर काढला?
३. लांब वळणावर ऑइल प्रेशर किती राहतं?
४. ब्रेक आणि टायर बदललेत का?
५. ही गाडी ट्रॅकवर ट्रेलरने येते की रस्त्याने?

पाचही उत्तरं नीट मिळाली, तर समजा बनवणाऱ्याने गाडी बनवली आहे. नुसता हॉर्सपॉवरचा आकडा मिळाला, तर त्याने व्हिडिओ बनवला आहे.

काय मंडळी, तुम्हाला जुन्या कोणत्या गाडीत कोणतं इंजिन बघायला आवडेल? की काँटेसा, ११८ एनई जशा आल्या तशाच जपायला हव्यात? कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि "भावा, बसेल का?" विचारणाऱ्या मित्राला हा लेख पाठवायला विसरू नका.